एकवीस दिवसांचं पाणी

डोमाजी मिस्त्री कामाच्या जागी आले की कुणालाही राम राम करण्याआधी रेतीच्या ढिगातून चिमूटभर रेती उचलून तोंडात टाकत. दाढेखाली दोनदा चावत, थुंकत आणि मग निकाल देत. माझ्यासमोर त्यांनी पहिल्यांदा हे केलं तेव्हा निकाल आला, "हे रेती लबाड हाय. हिच्यात माती लपून बसली हाय." मग त्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. आता हा माणूस मलाही चावून बघतो की काय, असं मला वाटलं.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. मॅट्रिक झालेला, इस्त्रीचा सदरा घालणारा आणि आपल्याला सगळं कळतं असं मानणारा. पन्नास सालानंतरचे ते दिवस, चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. मूल गावावरून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला जंगलात आमच्या शेटजींचा लाकडाचा डेपो होता आणि मी तिथला मुनीम होतो. शेटजींचे दोन ट्रक होते. ते उभे राहायचे ते मातीत. आदल्या पावसाळ्यात आमचे ड्रायव्हर हबीबभाई ट्रकखाली आडवे होऊन काम करत असताना जॅक चिखलात रुतला आणि ट्रक खाली बसला. हबीबभाई वेळेवर सरकले म्हणून वाचले, त्यांच्या सदऱ्याची बाही मात्र चाकाखाली राहिली. तेव्हा शेटजींनी ठरवलं की मोटारखान्याला सिमेंटची पक्की जमीन करायची. सागाच्या खांबांवर टिनाचं छप्पर होतंच. जमिनीसाठी चिमूरकडच्या एका खेड्यातून डोमाजींना बोलावलं. ते पन्नाशीचे होते आणि तरुणपणी रेल्वेच्या पुलावर सिमेंटचं काम शिकले होते.

शेटजी मला बजावून गेले की मिस्त्री म्हणजे वेळकाढू माणूस, रोजी वाढवायला दहा निमित्तं काढतो, तेव्हा नजर ठेवा. मी नजर ठेवली. डोमाजी तर जन्मापासूनच सगळ्या जगावर नजर ठेवून होते. असे आम्ही दोन संशयी लोक एका छपराखाली आलो.

पहिली ठिणगी रेतीवरूनच पडली. जवळच्या नाल्याची रेती फुकट होती, पण यांना वैनगंगेचीच हवी. गाडी जाऊन यायला अख्खा दिवस. मला वाटलं, गाडीवाला यांच्या नात्यातला असणार. चौकशी केली तर कळलं, गाडीवाल्याशी यांचं बोलणंच नव्हतं. तो वाटेत नाल्याची रेती मिसळतो असं यांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं. शेवटी माझ्या खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली त्यांनी मागून घेतली, तिच्यात दोन्ही रेत्या पाळीपाळीनं पाण्यात हलवून दाखवल्या. नाल्याच्या रेतीवर बोटभर गाळ बसला, नदीच्या रेतीवर नखभर. मी म्हटलं, एवढ्याशा गाळानं काय होतं? ते म्हणाले, "बाबू, त्या जमिनीवर जॅक ठेवून खाली मानूस झोपनार हाय. तुमी झोपान का?"

सिमेंटचंही तसंच. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, आतलं सिमेंट थंड लागतंय का बघायचं, गाठ सापडली तर बोटांत धरायची. चुरली तर ठीक, नाही चुरली तर ते पोतं बाजूला. ओल लागलेली तीन पोती त्यांनी नालीच्या कामाला काढली आणि माझ्या हृदयात कळ आली. पण खरा पहारा होता तो पाण्यावर. माल घट्ट कालवलेला असला की फावडं ओढवत नाही, घमेलं जड लागतं. जवळच्या जंगलातल्या गावांमधून आलेली बायामाणसं कामाला होती. त्यांना वाटे, एखादा लोटा जास्त ओतला तर कुणाचं काय जातं. पण जास्त पाण्यानं जमीन कच्ची राहते, म्हणून डोमाजी पाण्याच्या ड्रमवर झाकण ठेवून त्याच्यावरच मांडी घालून बसत आणि तिथूनच हुकूम सोडत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "कालवताना पानी वैरी, टाकून झालं का पानी माय." दिवसातून दहा वेळा ऐकून ऐकून बायाही ते वाक्य त्यांच्याच आवाजात म्हणू लागल्या होत्या.

जमीन टाकली तीही एकसंध नाही. सहा चौकोन पाडले, आधी एक सोडून एक असे तीन भरले आणि मधले तीन रिकामेच ठेवले. मला वाटलं, झालं, हा अर्धं काम करून पळणार. मी विचारलं तर ते म्हणाले की एकदम टाकली तर ती आपल्या मनानं फाटते, आपणच फाडून ठेवली तर फाटत नाही. मला हे बुवाबाजीचं वाटलं. पाच दिवसांनी त्यांनी मधले तिन्ही भरले तेव्हा ते पळणार नाहीत हे पटलं, पण संशय काही गेला नाही.

आणि मग सुरू झाली तराई. नव्या सिमेंटला पाणी पाजत ठेवायचं त्याला आमच्याकडे तराई म्हणतात. डोमाजींनी प्रत्येक चौकोनाला, तो घट्ट झाला की दुसऱ्या दिवशी, काळ्या मातीचा बांध घातला आणि घोट्याएवढं पाणी सोडलं. धानाच्या मुलखातला माणूस, त्याला बांधी, म्हणजे पाणी धरणारा धानाचा वाफा, बांधायला कुणी शिकवायला नको. मोटारखान्यात धानाची बांधी पाहून येणारे-जाणारे थांबून हसत. बेडूक आले. एक बगळा रोज सकाळी येऊन एका पायावर उभा राहू लागला. डेपोच्या चौकीदाराची बायको अनसाबाई मोठी बोलकी. डोमाजी तिच्याकडेच जेवत. ती भात वाढता वाढता धानाच्या लावणीचं विचारी, "मिस्त्रीभाऊ, रोवना कधी हाय?" डोमाजी हसत नसत. ते शेळ्यांकडे, म्हशींकडे, खेकड्यांकडे आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाकडे सारख्याच संशयानं पाहत. एकवीस दिवस म्हणजे एकवीस दिवस, असं त्यांचं म्हणणं. "सिमेंट वाळत नाई बाबू, पिकते," म्हणत. मी मनात म्हणे, पिकते आहे ती तुमची रोजी.

पाडव्याला दोन दिवस राहिले असताना त्यांच्या गावाहून निरोप आला, आई फार आजारी आहे. डोमाजी आधी निरोप आणणाऱ्यावरच संशय घेऊन बसले. मग गाठोडं बांधलं. जाण्याआधी त्यांनी मला मोटारखान्यात नेलं आणि हात धरून सांगितलं, "मी कोनावरच इस्वास ठेवत नाई. पन तुमी शिकलेले मानूस. पानी कमी झालं तर घाला. बांधाले कोनाले हात लावू देऊ नोका." मी हो म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी शेटजींची चिठ्ठी आली. नवा तिसरा ट्रक घेतला होता, पाडव्याला तो घेऊन ते येणार होते आणि नव्या जमिनीवर ट्रकची पूजा करणार होते. मी मोटारखान्यात जाऊन आधी भरलेल्या एका चौकोनात पाण्यातच उडी मारून पाहिली. दगडासारखा कडक लागला. अजून काय पिकायचं राहिलंय, म्हटलं. खरं सांगायचं तर चिठ्ठीपेक्षा मला आनंद याचा झाला होता की मिस्त्रीची वेळकाढू युक्ती आता उघडी पडेल. पाडव्याच्या सकाळी मी फावडं घेतलं आणि सहाही बांध फोडले. पाणी नालीनं वाहून गेलं. बगळा उडून गेला. आधीच्या तीन चौकोनांना तेव्हा आठ दिवस झाले होते, मधल्या तिघांना जेमतेम तीन. हा हिशेब मला येत होता, पण मी तो केला नाही.

मी आंघोळीला गेलो. तेवढ्यात अनसाबाईनं पाहिलं की पाणी गेलंय आणि सणाच्या दिवशी नवी भुई उघडी पडलीय. सणाला कोरी भुई ठेवत नाहीत. तिनं शेण कालवलं आणि ती सगळी जमीन स्वच्छ सारवून काढली, वर रांगोळी घातली, खांबांना आंब्याचे डहाळे बांधले. मी आलो तर मोटारखाना देवघरासारखा दिसत होता. मला बरंच वाटलं. आम्ही दिवसभर वाट पाहिली. शेटजी आले नाहीत. ट्रक चांद्यातच बिघडला होता. चैताचं ऊन, गरम वारा, शेण दुपारपर्यंत वाळून त्याच्या खपल्या उडाल्या.

दोन दिवसांनी डोमाजी परतले. आई थोडी सावरली होती. ते मोटारखान्याच्या तोंडाशी थांबले. नखानं शेण खरवडलं. मग त्यांची लोखंडी कांब घेतली आणि एकेका चौकोनावर ठोकत गेले. आधीचे तीन खणखण बोलले. मधले तीन बद्द बोलले. त्यांनी विचारलं, "बांध कोनं फोडला?"

मी म्हणालो, "मी आंघोळीला गेलो होतो. आलो तर पाणी गेलेलं."

यातला शब्द न् शब्द खोटा होता असंही नाही, आणि म्हणूनच ते इतकं वाईट होतं. डोमाजींची नजर शेणाकडे गेली आणि तिथून अनसाबाईच्या घराकडे. ती बिचारी सांगत राहिली की बांध मी फोडला नाही, पाणी नव्हतंच, रिकामी भुई पाहिली म्हणून सारवली. त्यांनी ऐकून घेतलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी तिच्याकडचं जेवण सोडलं. पाणीसुद्धा सोडलं. मोटारखान्यामागं तीन दगड मांडून स्वतः भात शिजवू लागले. बांध पुन्हा घातले, पाणी पुन्हा सोडलं आणि दिवस पहिल्यापासून मोजायला घेतले. मला म्हणाले, "तुमी तिथं असते तर असं झालं नसतं." मी मान हलवली. माझ्यासारखा नालायक त्या दिवशी चांदा जिल्ह्यात दुसरा नसेल.

अनसाबाई एकदा माझ्या खोलीच्या दाराशी आली. चौकीदाराच्या बायकोनं काम नासवलं ही गोष्ट शेटजींच्या कानावर गेली तर घर सोडून कुठं जायचं, या काळजीनं ती वाळली होती. पण बोलली ती वेगळंच. म्हणाली, "बाबू, तुमी तरी सांगा त्यायले. माझ्या घरचं पानी सोडलं त्यायनं. असं तर घरात कोनी मेल्यावर करतात." मी पाहतो म्हटलं. काय पाहणार होतो? रोज सकाळी ती बांधापासून दूरून जायची, पदरानं तोंड झाकून, आणि मी वहीत तोंड घालायचो.

एकवीस दिवस भरले. डोमाजींनी बांध फोडून पाणी जाऊ दिलं, कांबेनं ठोकलं. मधल्या तिघांतले दोन चौकोन आता बरे बोलले. एक अजून बद्दच. ते बराच वेळ त्याच्यापाशी उकिडवे बसले. त्याच दिवशी हबीबभाई ट्रक घेऊन आले, स्प्रिंगचा पाटा तुटला होता. ट्रकचं तोंड नेमकं त्या मधल्या चौकोनावर आलं. हबीबभाईंनी जॅक लावला, गाडी उचलली, गोणपाट अंथरलं. डोमाजींनी त्यांना बाजूला सारलं. म्हणाले की ज्यानं जमीन केली तो पहिल्यांदा खाली झोपतो, ही माझ्या हाताची रीत आहे. आणि ते गोणपाटावर आडवे होऊन ट्रकखाली सरकले. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते, टाचांना सिमेंटनं पडलेल्या भेगा. जॅकखाली काहीतरी बारीक करकरलं. मला अजून वाटतं, कदाचित ती फक्त रेती असेल. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "डोमाजीभाऊ, बाहेर या. बांध मी फोडला होता."

ते सावकाश बाहेर आले. सदरा झटकला. हबीबभाई माझ्याकडे पाहत राहिले, त्यांना काही कळलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, चिठ्ठी, उडी, फावडं. मला वाटलं, आता हा माणूस मला कांबेनं झोडपणार, आणि झोडपावं असंही वाटत होतं. डोमाजी एवढंच म्हणाले, "मंग अनसाबाईच्या घरचं पानी मी काऊन सोडलं?"

आणि ते चालू लागले, सरळ चौकीदाराच्या घराकडे. मी मागोमाग गेलो. अनसाबाई दारात सूप घेऊन बसली होती. डोमाजी तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, लोटाभर पानी दे." ती त्यांच्याकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. माझा चेहरा पाहून तिला कळलं असावं. तिनं पाणी आणलं. डोमाजींनी उभ्याउभ्या सगळा लोटा रिचवला आणि दुसरा मागितला. अनसाबाई रडायला लागली. मीही रडलो, इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत.

मला शिक्षा मिळालीच. तो मधला चौकोन घणानं फोडून काढला तो मी. रेती चाळली, घमेली वाहिली, माल कालवला तो मी. डोमाजी ड्रमवर बसून फक्त पाहत होते. मग बांध घालून मला म्हणाले की बसा आता पाण्यावर. एकवीस दिवस मी वह्या तिथंच घेऊन बसलो. कामावरच्या बाया जाताना विचारत, बाबू, रोवना कधी? अनसाबाई दुपारी भात आणून देई, मिस्त्रींना आणि मलाही. बगळाही परत आला. शेवटच्या दिवशी डोमाजींनी सहाही चौकोन ठोकले, सहाही एका सुरात बोलले. पुन्हा ट्रक आणवला, पुन्हा खाली झोपले, आणि यावेळी मला शेजारी झोपायला लावलं.

निघताना मी त्यांना म्हटलं, आता तुमचा माझ्यावर कधीच विश्वास बसणार नाही. ते म्हणाले, "आधी तुमच्यावर मी संशयच घेतला नवता, तेच चुकलं. आता वळख झाली." एवढं बोलून ते रेतीच्या उरलेल्या ढिगाकडे वळून गेले.

चार-पाच वर्षं गेली. मी चांद्याला आलो, लग्न झालं. एक दिवस चिमूरच्या पोस्टाचा शिक्का असलेलं कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. घरापुढं ओटा टाकतो आहे, पाण्यावर बसायला माणूस पाहिजे, तुम्ही या. बायको म्हणाली, हा काय प्रकार? मी रजा टाकून निघालो. डोमाजी अंगणात खाटेवर होते, अंगात काही उरलं नव्हतं, खोकला थांबत नव्हता. आई मागंच गेली होती. आयुष्यभर लोकांच्या जमिनी केल्या, पण बायको गिरजाबाई मात्र मातीच्या ओसरीवर बसून तांदूळ निवडत आली होती. म्हणून तो ओटा. आदल्या दिवशी खाटेवर बसूनच त्यांनी तो टाकवून घेतला होता. मी पोचायच्या आत बांधही घालून झाला होता आणि पाणी सोडलेलं होतं.

मी विचारलं, गावात एवढी माणसं असताना मला चांद्याहून कशाला बोलावलं? ते म्हणाले, "ज्यानं एकदा बांध फोडला, तो दुसऱ्यांदा फोडत नाई. बाकीच्यायचा काई भरवसा नाई." मला हसू आलं आणि मी बांधाशी जाऊन बसलो.

तराईच्या नवव्या दिवशी सकाळी ते गेले. जाण्याआधी खाटेवरून मान वळवून त्यांनी पाण्याकडे पाहिलं होतं, कमी झालं का म्हणून. अंगण माणसांनी भरलं. म्हाताऱ्या माणसांना टेकायला जागा नव्हती. कुणीतरी म्हणालं, तो बांध फोडा, ओट्यावर बसतील लोक. मी फावड्यावर हात ठेवून उभा राहिलो, पण परक्याच्या घरी मी काय बोलणार? गिरजाबाई आतून म्हणाल्या, "नोका फोडू. बारा दिवस राह्यले हायेत."

ते बारा दिवस मी तिथंच राहिलो. रोज सकाळ-संध्याकाळ विहिरीचं पाणी ओतत होतो. भेटायला येणारे नातेवाईक मला दूरून न्याहाळत. चांद्याचा हा कोण माणूस, मेलेल्याच्या दाराशी पाणी ओतत काऊन बसला हाय, याचा घरावर डोळा तर नाई, अशी कुजबूज माझ्या कानावर येई. डोमाजी असते तर त्यांनाही हेच वाटलं असतं. मला त्या लोकांचा राग आला नाही.

तेरवी आणि एकविसावा दिवस एकत्रच आले. सकाळी मी फावडं घेऊन बांध फोडला आणि पाणी अंगणातून वाहून गेलं. ओटा धुतला. डोमाजींची कांब ओसरीच्या कोपऱ्यात उभी होती, ती घेऊन मी या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकत गेलो. कुठंही बद्द नाही. मग आठवलं की ज्यानं जमीन केली तो पहिल्यांदा झोपतो, आणि तो तर नव्हता. मी सदरा काढून ठेवला आणि त्या ओल्या, गार ओट्यावर पाठ टेकून आडवा झालो. जमलेले लोक पुन्हा संशयानं पाहू लागले. गिरजाबाई आत गेल्या. त्यांनी आतून सूप आणलं आणि माझ्या शेजारी ओट्यावर बसून तेरवीच्या जेवणाचे तांदूळ निवडायला घेतले.